पाण्याचं रॉकेट वाकडं जातंय? या चुका टाळा

मागच्या दिवाळीत बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीतल्या पोरांनी रॉकेटची काडी मुद्दाम अर्धी मोडली. का, तर वजन कमी झालं की जास्त वर जाईल! ते दोन कोलांट्या खाऊन समोरच्यांच्या माडीत शिरलं आणि वाळत घातलेल्या लुगड्याला भोक पाडून विझलं. शिव्या मला बसल्या, कारण रॉकेटचा नाद पोरांना मीच लावलेला. आठवडाभर उद्यमबागेत लेथवर काम करायचं आणि रविवारी येळ्ळूरच्या शिवारात पोरांबरोबर कोल्ड्रिंकच्या बाटल्या उडवायच्या, हे माझं चालूच असतं. बाटलीत थोडं पाणी, वरून पंपाने हवा; बूच सुटलं की हवा पाणी मागे फेकते आणि बाटली वर जाते. हेच पाण्याचं रॉकेट.

ती काडी समजली की निम्मं काम झालं. बहुतेकांना वाटतं, काडी खाली लोंबते म्हणून रॉकेट सरळ राहतं, घड्याळाच्या लंबकासारखं. ही चूक मोठमोठ्यांनी केली आहे. १६ मार्च १९२६ रोजी अमेरिकेत रॉबर्ट गॉडर्डने द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट उडवलं, तेव्हा इंजिन वर आणि टाक्या खाली होत्या. वरून ओढलं की सरळ जाईल, हा त्यामागचा हिशेब. ते अडीच सेकंद उडालं, साधारण साडेबारा मीटर वर गेलं आणि पडलं. नंतर त्याने इंजिन खालीच नेलं. कारण रॉकेट कलंडलं की इंजिनही त्याच्याबरोबर कलंडतं आणि त्याच तिरक्या दिशेला ओढत राहतं. हवेत रॉकेट कशालाच टांगलेलं नसतं, मग लंबक कशाचा?

काडीचं खरं काम वेगळं आहे. रॉकेट तिरकं झालं की समोरून येणारी हवा त्या लांब काडीवर दाबते आणि शेपूट परत मागे ढकलते. आपल्या बाटलीवर हेच काम पंख करतात. नियम एकच : तोलबिंदू (रॉकेट जिथे आडवं तोलतं ती जागा) पुढे, हवेच्या दाबाचा मध्य (हवेचा सगळा दाब जिथे एकवटला असं धरता येतं ती जागा) मागे, आणि दोघांत निदान बाटलीच्या जाडीइतकं, म्हणजे अर्धी वीत अंतर. दाबाचा मध्य काढायला रॉकेटची बाह्याकृती पुठ्ठ्यावर कापा आणि बोटावर तोला. जिथे तोलेल तोच मध्य धरा. अगदी काटेकोर नाही, पण आपल्याला पुरतो.

मग दोरी घ्या, आठ-दहा फूट. रिकामं रॉकेट जिथे आडवं तोलतं तिथे बांधा, टेप लावा, डोक्यावरून गरगरा फिरवा. नाक पुढे राहिलं तर उडवा. शेपूट पुढे आलं किंवा आडवंच फिरायला लागलं तर नाकात चिकणमाती भरा. इथे पोरं हमखास चुकतात : बाटलीत पाणी भरून तोलतात. पाणी तर पहिल्या क्षणातच निघून जातं, पुढचं सगळं उड्डाण रिकाम्या बाटलीचं! दुसरी खोड म्हणजे वजन वाचवायला नाकातली माती काढणे. ती काडी मोडणाऱ्यांची भावकी.

मग पंख मोठेच करू या का? नको. आपल्याकडे पावसाळ्यात पश्चिमेचा वारा काय असतो ते येळ्ळूरकरांना सांगायला नको. मोठे पंख त्या वाऱ्याने ढकलले जातात आणि नाक वाऱ्याकडेच वळतं. आमची एक बाटली अशीच शेजारच्या भातात गेली आणि गुडघाभर चिखलात शोधावी लागली. आता सुगी झाल्यावर, बांधावरूनच उडवतो. तरी मसुराच्या पिकात पाय पडला की मालक ओरडतोच.

बाकीचं थोडक्यात. पाणी एक तृतीयांश. सव्वादोन लिटरच्या बाटलीत पाऊण लिटर. काठोकाठ भरलं तर ढकलायला हवाच उरत नाही, आणि नुसती हवा भरली तर मागे फेकायला वजन नाही. बाटली सोड्याची किंवा कोल्ड्रिंकचीच घ्या, पाण्याची पातळ बाटली फुटते. ओरखडे पडलेली फेकून द्या. पंप दाबाचा काटा असलेला हवा, साठ पीएसआय दाबाच्या पुढे जाऊ नका आणि पंधरा फूट लांब उभे राहा. पंख गरम गोंदाने चिकटवू नका, बाटली तिथे मऊ पडते, टेप बरी. बूच ओलं असेल तर हवा पुरती भरायच्या आधीच सुटतं. आणि फटाक्याची दारू लोखंडी पाइपात भरायची कल्पना कुणी काढली, तर त्याला घरी पाठवा.

पोरांचे प्रश्न मात्र बाटलीवर थांबत नाहीत. "पीएसएलव्हीला एवढे मोठे पंख कुठं हायत?" नाहीत, कारण उपग्रह वर नेणारं इस्रोचं ते रॉकेट आगीचा झोतच वळवून तोल सांभाळतं. "वर हवाच नाही, मग रॉकेट ढकलतंय कशाला?" स्वतःच्याच धुराला. १९२० साली न्यूयॉर्क टाइम्सने याच शंकेवरून गॉडर्डची टिंगल केली होती. दुरुस्ती छापली १९६९ मध्ये, माणसं चंद्राच्या वाटेवर असताना.

परवा एकाने विचारलं, "येळ्ळूरगडावरनं सोडलं तर अंतराळात लवकर पोचंल न्हवं?" म्हटलं, उंचीचं काही नाही रे, वेग पाहिजे. चारशे किलोमीटर उंचीवर पृथ्वीभोवती फिरत राहायचं तर सेकंदाला ७.७ किलोमीटर. बेळगाव ते पुणे पाऊण मिनिटात! म्हणून तर पीएसएलव्ही ३२० टनांचं असतं आणि ध्रुवांवरून फिरणाऱ्या कक्षेत नेतं जेमतेम पावणेदोन टन. आपली बाटली ताशी शंभरने गेली तरी पुण्याला साडेतीन तास.

"मग एसटीपेक्षा बरंच की ओ मामा," पोरगं म्हणालं.