जर्मन शेफर्डचं पिल्लू क्लासला नेताय? या चुका टाळा

आमची जर्मन शेफर्ड तारा साडेचार महिन्यांची असताना आम्ही तिला पहिल्यांदा कुत्र्यांना शिकवणाऱ्या क्लासला नेलं. रविवारची सकाळ, मैदानावर सात-आठ पिल्लं. आमची तारा पट्टा ताणून पुढचे पाय जमिनीवर टेकवतच नव्हती, समोरच्या लॅब्रॅडॉरवर नुसती भुंकत होती, आणि मी मागून "बस, बस, ए तारा, बस ना!" करत होते. खिशातलं बिस्कीट नाकासमोर धरलं तरी तिनं वास घेतला नाही.

पिल्लू आवडता खाऊ घेत नसेल तर तो हट्ट नसतो, त्याच्या डोक्यात तेव्हा दुसरं काही शिरायला जागाच नसते. आम्ही पंचवीस-तीस पावलं मागे गेलो, झाडाच्या आडोशाला. दोन मिनिटांत तिनं हातातून तुकडा उचलला. पुढचे दोन रविवार आमचा क्लास त्या झाडाखालीच झाला. बाकीच्यांच्या रांगेत उभं राहण्याची घाई करू नका.

मुळात साडेचार महिने हाच उशीर होता. "लसी पूर्ण होऊ देत, मग बघू" असं आम्हीही म्हटलं. पण नव्या गोष्टींना न घाबरता सामावून घ्यायचं पिल्लाचं वय साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यातलं. पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची, भीती खरीच आहे, तो विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. म्हणून पिल्लाला जमिनीवर सोडायचं नाही, पण कडेवर घेऊन रिक्षा, भाजी मंडई, शाळा सुटतानाचा गलका, प्रेशर कुकरची शिट्टी हे सगळं दाखवता येतं. क्लास कधी सुरू करायचा ते आपल्या डॉक्टरांना पहिल्याच लसीच्या वेळी विचारा.

आमची सगळ्यात मोठी गडबड झाली ती शब्दांची. सासूबाई म्हणायच्या 'बस', मुलं म्हणायची 'सिट', कामाला येणाऱ्या मावशी 'बैठ'. त्यात मराठीत 'बस' म्हणजे 'पुरे' सुद्धा! मुलं भांडायला लागली की मी ओरडायचे, "बस झालं आता!" तारा बिचारी टपकन बसायची आणि माझ्या हाताकडे बघायची. मिळायचं काहीच नाही. असं रोज घडलं की तो शब्द पिल्लाच्या लेखी पोकळ होतो. शेवटी फ्रिजवर चिठ्ठी लावली: सिट, डाऊन, ये, सोड. घरातल्या सगळ्यांनी हेच चार शब्द वापरायचे, आणि तेही एकदाच. म्हणून झालं की दोन-तीन सेकंद गप्प राहायचं. पाच वेळा म्हटलं तर पाचव्यांदा ऐकायचं असतं, असं पिल्लू शिकतं.

आणखी एक सल्ला हमखास मिळतो: "क्लासआधी तासभर बॉल फेका, दमेल आणि शांत होईल." पण जर्मन शेफर्डच्या बाबतीत हा सल्ला उपयोगाचा नाही. या जातीची पहिली नोंद 1899 सालची. कॅप्टन माक्स फॉन स्टेफानित्झ यांनी होरांड नावाच्या कुत्र्यापासून ती घडवली. मेंढ्या पिकात शिरू नयेत म्हणून शेताच्या कडेनं दिवसभर येरझाऱ्या घालायच्या, हे या कुत्र्यांच्या पूर्वजांचं काम. पळणाऱ्या मुलांच्या टाचा धरणं, सायकलमागे धावणं हे तिथूनच आलेलं आहे. अशा पिल्लाला रोज धावडवलं तर त्याचा दम वाढतो, शांतपणा येत नाही. शिवाय वाढत्या सांध्यांवर ताण पडतो तो वेगळाच.

शांत बसणं हेसुद्धा शिकवावं लागतं. आम्ही एक जुनी सतरंजी ठेवली. तारा तिच्यावर आडवी झाली, हनुवटी टेकवली आणि तिनं मोठा श्वास सोडला, की काही न बोलता पंजांच्या मधे उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. रोज पाच मिनिटं, संध्याकाळी. तीन आठवड्यांनी तीच सतरंजी मैदानावर अंथरली, तर ती आपणहून जाऊन पसरली. मला तेव्हा भरून आलं होतं.

काही गोष्टी पटकन सांगते. भरल्या पोटी नेऊ नका. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतरचा क्लास नको, आधी डांबरावर हाताचा पंजा टेकवून बघा. 'ये' म्हणून बोलवायचं आणि आल्यावर रागवायचं, हे कधीच करू नका. आणि चार महिन्यांच्या पिल्लाला चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) घालून हिसके देणाऱ्याकडे तर अजिबात जाऊ नका. धाकानं बसलेलं पिल्लू माणसाकडे बघणं सोडतं.

व्यवस्थित बसणारं पिल्लू एके दिवशी अचानक बसायला टाळाटाळ करू लागलं, बसताना एका कुशीवर कलंडू लागलं किंवा आलटून-पालटून पायानं लंगडू लागलं, तर आज्ञा परत परत देऊ नका. या जातीत खुब्याच्या सांध्याचा दोष बराच आढळतो आणि पाच-सहा महिन्यांनंतर पायाची लांब हाडं दुखण्याचा त्रासही होतो. त्या रविवारी क्लास बुडवा, डॉक्टरांकडे न्या.