खिडकी, सनबोर्ड आणि साडीचा खरा रंग

लाइट घ्यायला पैसे नाहीत म्हणून फॅशन फोटोग्राफीचा पोर्टफोलिओ अडवून ठेवू नका. उत्तरेची खिडकी सगळ्यात बरी, तिथून सहसा थेट ऊन येत नाही. खिडकी दुसऱ्या दिशेची असेल तर काचेवर बटर पेपर लावा. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत विचारा. मॉडेल खिडकीपासून तीन-चार फुटांवर, जरा तिरकी. पलीकडच्या बाजूला दोन फुटांवर पांढरा सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका बोर्ड, उजेड परत टाकायला. त्याची मागची बाजू काळी रंगवून ठेवा. सावली गडद हवी असली की बोर्ड फिरवायचा, बस्स. मागची भिंत मॉडेलपासून पाच-सहा फूट दूर हवी, नाहीतर पोपडेही फोटोत येतात.

आता खरी गोम. खोलीतला दिवा चालू राहतो.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जास्त तितका उजेड निळसर. खिडकीचा उजेड साधारण 5500 केल्विन किंवा त्याहून जास्त, पिवळ्या बल्बचा 2700 ते 3000. कॅमेरा एका वेळी एकच व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता उजेड पांढरा मानायचा ते, धरतो. राणी रंगाची साडी खिडकीकडून बरोबर दिसते आणि खोलीकडच्या निऱ्या विटकरी होतात. निऱ्या सुधारायला जावं तर चेहरा निळा पडतो. एडिटिंगमध्ये बघू म्हणाल, तर प्रत्येक घडीत दोन्ही उजेडांचं प्रमाण वेगळं असतं, एकेक भाग निवडून (मास्क करून करून) हात दुखतात. कपडे विकणाऱ्याला रंगच हवा असतो. तो चुकला की बाकीचं कौशल्य त्याला दिसतही नाही. हे वाचताना किरकोळ वाटतं. दिवसभराचं शूट परत करावं लागलं की रडू येतं.

म्हणून सगळे दिवे बंद, शेजारच्या खोलीतलेसुद्धा, आणि दार लोटलेलं. भाड्याच्या खोलीच्या हिरव्या-गुलाबी भिंतीही उजेड रंगवून परत टाकतात, हनुवटीखाली पहिल्यांदा दिसतं. त्यांच्यावर पांढरी चादर टाका, पण नीळ घातलेली नको. ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करा, कपड्याचा रंग बदलला की तो भरकटतो. पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड, म्हणजे तटस्थ करड्या रंगाचं कार्ड, धरा, त्यावरून व्हाइट बॅलन्स ठरवता येतो. झेरॉक्सचा कागद त्याजागी चालत नाही. तो जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं रसायन असतं, त्यामुळे तो निळसर असतो. शेवटी खरं कापड खिडकीशी धरून स्क्रीनशी ताडून पाहा. एवढं जमलं की निम्मी भीती गेली, खरंच.

दिव्यावरच शूट करायची वेळ आली तर शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्याहून वेगवान शटरला काही एलईडींचे पट्टे उमटतात.

गंमत पुढे आहे. सकाळच्या उन्हात गच्चीवर जा आणि स्वयंपाकघरातली मोठ्या भोकांची चाळणी चेहऱ्यापासून 15 ते 20 सेंटिमीटरवर धरा: भोकांची नक्षी ठळक पडते. चाळणी मीटरभर लांब नेली की प्रत्येक भोकातून सेंटिमीटरभराचा मऊ गोल ठिपका पडतो, कारण सूर्य बिंदू नाही, तबकडी आहे. एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ येणार ते, उजळ ठिपक्यावर मोजा. तुळशीबागेतून मीटरभर नेट आणून लेन्सला लागूनच धरली तर कडा धुकट होतात. लेन्सवर व्हॅसलीन नको. लावायचंच तर स्वस्त यूव्ही फिल्टरवर, म्हणजे लेन्ससमोर बसवायच्या साध्या काचेवर. आरशाचे प्रयोग करायचे तर जुन्या आरशांसाठी बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार गाठा.

प्रीसेटचे, म्हणजे एडिटिंगच्या तयार सेटिंगचे, गठ्ठे विकत घेऊ नका, ते दुसऱ्याच्या उजेडासाठी बनलेले असतात. दोन दिवसांच्या वर्कशॉपपेक्षा कुणाच्या तरी शूटवर महिनाभर रिफ्लेक्टर धरा. जो आपली चुकलेली फ्रेम उघडून दाखवतो, त्याच्याकडे शिका.

फोनवर पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. झालर, गोंडे आणि सुटे केस तो खाऊन टाकतो. त्याऐवजी दोनपट (2x) झूमची लेन्स वापरून मागे सरका.

आणि पिशवीत कपडे वाळवायचे डझनभर चिमटे असू द्या. ढगळ ब्लाउज पाठीमागून दोन चिमट्यांनी आवळला की समोरून मापात शिवल्यासारखा बसतो. चिमटे कमरेच्या रेषेत लावा. वर लावले तर खांद्यापाशी तिरक्या चुण्या ओढल्या जातात.