तापीकाठाहून सातपुड्यात : शहादा, तोरणमाळ, धडगाव, मोलगी ही फेरी गाडीने कशी करावी

खानदेशातल्या माणसाला सातपुडा रोज दिसतो, पण बहुधा दुरूनच. शिरपूर, शहादा, तळोदा ही गावे जोडणाऱ्या अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्गावरून जाताना उत्तरेला निळसर भिंत दिसत राहते आणि आपण पुढे निघून जातो. ज्यांना त्या भिंतीच्या आत शिरायचे आहे, त्यांनी तोरणमाळला जाऊन त्याच वाटेने परत येऊ नये. शहादा, तोरणमाळ, धडगाव, मोलगी, अक्कलकुवा, तळोदा आणि पुन्हा शहादा अशी दोन दिवसांची फेरी करावी, म्हणजे तापीकडची उतरण आणि नर्मदेकडचा डोंगराळ मुलूख दोन्ही डोळ्यांखालून जातात.

या फेरीसाठी ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे महिने सर्वांत चांगले, कारण डोंगर अजून हिरवे असतात, ओढ्यांना पाणी असते आणि घाटांतली राडारोडा हटवण्याची कामे बहुतेक आटोपलेली असतात. भर पावसात इथले सौंदर्य वेगळेच असले, तरी तोरणमाळचा सातपायरी घाट आणि तळोदा–धडगाव मार्गावरचा चांदसैली घाट या दोन्ही ठिकाणी दरडी कोसळून रस्ता बंद होतो; मुलाबाळांना घेऊन त्या दिवसांत जाण्याचा हट्ट धरू नये. महाशिवरात्रीला तोरणमाळच्या गोरखनाथ मंदिराची यात्रा भरते, तेव्हा घाटात वाहनांची रीघ असते, म्हणून ज्यांना यात्रेलाच जायचे नाही त्यांनी ते दिवस टाळावेत.

निघण्यापूर्वी शहाद्यात टाकी पूर्ण भरावी, रोख रक्कम जवळ ठेवावी आणि स्टेपनीतली हवा तपासून घ्यावी. वर मोबाइलची रेंज मध्येच जाते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घेतलेला बरा. तोरणमाळला राहण्याची सोय मोजकी असल्याने मुक्काम आगाऊ ठरवावा.

शहादा ते तोरणमाळ हे अंतर सुमारे ५५ किलोमीटर आहे. सपाटीवरचे केळी, पपई आणि उसाचे मळे मागे पडतात, साग सुरू होतो आणि मग सातपायरी घाटाची वळणे येतात. इथे वेळेचा हिशेब किलोमीटरवर करू नये, वळणांवर करावा. आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्यावा, आपली बाजू सोडू नये आणि अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी. तसा नियमही आहे. समोरून माणसांनी भरलेली जीप येत असेल, तर आपणच गाडी कडेला घेऊन थांबावे. अंधार पडण्यापूर्वी वर पोहोचणे आवश्यक आहे.

तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. संध्याकाळ खडकी पॉइंटसाठी ठेवावी आणि सकाळ यशवंत तलावासाठी, कारण पाण्यावरचे धुके ऊन चढले की लगेच विरते. सीताखाईच्या दरीत पावसाळ्यानंतर काही आठवडे धबधबा असतो; कातळाच्या कडेला शेवाळ असते, म्हणून फोटोसाठी पुढे सरकू नये.

दुसऱ्या दिवशी धडगावकडे निघण्याआधी रस्ता कसा आहे, हे मुक्कामीच विचारून घ्यावे. माझ्या मते या फेरीतला सर्वांत मोलाचा भाग इथून सुरू होतो. डोंगरांच्या रांगांमागे रांगा, उतारावर दूरदूर विखुरलेली घरे, मधूनमधून आंब्याची जुनी झाडे. एका मे महिन्यात धडगावच्या अलीकडे आम्ही पाण्यासाठी थांबलो, तेव्हा एका अंगणात कैऱ्यांचे काप वाळत घातलेले होते. कडेचे ताजे काप पांढरट-हिरवे होते, मधले तपकिरी पडून कडेने वळलेले. त्या घरच्या बाईंनी एक वाळका काप मोडून दाखवला, तो कट् असा आवाज करून तुटला. असा तुटला की आमचूर तयार, असे त्या म्हणाल्या. आम्ही दोन किलो तिथेच विकत घेतले. अशा घरांपुढे थांबताना आधी नमस्कार करावा आणि विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये. इथे पावरी आणि भिली बोलतात, पण सावकाश मराठीत बोलले तर संवाद चांगला होतो.

धडगावहून मोलगीला जावे. मोलगीची भगर प्रसिद्ध आहे, ती तिथल्याच बाजारातून घ्यावी. ज्यांच्याकडे वेळ कमी आहे, त्यांना धडगावहूनच चांदसैली घाटाने तळोद्याला उतरता येते. वाट जवळची आहे, पण अरुंद, आणि नवख्या चालकाने ती धरू नये.

मोलगीहून अक्कलकुव्याला उतरताना देवगोई घाट लागतो. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा आणि ब्रेक सतत दाबून धरण्याऐवजी थांबून-थांबून दाबावा. पहिल्या खेपेला मी हे केले नाही. अर्ध्या घाटात जळका वास आला, पेडल मऊ लागू लागले, आणि गाडी कशीबशी एका रुंद जागी उभी करावी लागली. तशी वेळ आलीच, तर तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नये. अर्धा तास तरी गाडी उभी ठेवून ब्रेक आपोआप निवू द्यावेत आणि पेडल पुन्हा घट्ट लागल्यावरच निघावे. अक्कलकुव्याला महामार्ग मिळतो, तिथून तळोद्यावरून शहादा गाठता येते.