टोर्नेडोचे जवळून काढलेले व्हिडिओ कसे बघायचे आणि तो खरंच समोर आला तर काय करायचं

टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्ससकडे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी लिहितोय, खास करून ज्यांचे आईबाबा एप्रिल ते जूनमध्ये तिकडे येतात त्यांच्यासाठी. हे व्हिडिओ आपण सगळेच बघतो, अंगावर काटा येतो, फॉरवर्ड करतो, पण त्यातून जे शिकायचं ते राहून जातं आणि नको ते डोक्यात पक्कं बसतं.

नको ते म्हणजे पुलाखाली लपणं. २६ एप्रिल १९९१ ला कॅन्सस टर्नपाइक या टोल हायवेवर एका टीव्ही टीमने पुलाच्या खाली वरच्या कोपऱ्यात घुसून शूटिंग केलं, सगळे वाचले, तो व्हिडिओ जगभर गाजला आणि लोकांना वाटायला लागलं की पूल म्हणजे सेफ. तो टोर्नेडो कमजोर होता आणि थेट अंगावर आलाच नव्हता, पण हे व्हिडिओत कुठे दिसतं? मग ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात लोक गाड्या थांबवून पुलांखाली गेले आणि तिथे तीन जण मेले. पुलाखालच्या अरुंद जागेत वाऱ्याचा जोर वाढतो, उडून येणाऱ्या वस्तू तिथेच आदळतात आणि धरायला काही नसतं. त्यामुळे पुलाखाली थांबायचं नाही, अजिबात नाही.

आता व्हिडिओत बघायचं काय. आधी एखादा खांब किंवा झाड पकडा आणि टोर्नेडो त्याच्या डावीकडे सरकतोय की उजवीकडे ते बघा. सरकत नाहीये आणि नुसता मोठा होतोय तर तो थांबलेला नाही, सरळ कॅमेऱ्याकडे येतोय. हे एकदा डोळ्यांना कळलं ना की प्रत्यक्षात काही सेकंदात ओळखता येतं. दुसरं म्हणजे ढगातून खाली आलेली सोंड जमिनीला टेकलेली दिसत नसली तरी खाली धूळ, पत्रे गोल फिरत असतील तर तो जमिनीवर आलेलाच आहे. आणि फोनच्या वाइड लेन्समध्ये सगळं लांब दिसतं, त्यामुळे स्क्रीनवर बघून अंतर ठरवू नका.

२०१५ च्या एप्रिलमध्ये इलिनॉयच्या फेअरडेल गावात एक माणूस वरच्या मजल्याच्या खिडकीतून फोनवर शूट करत होता, त्याला वाटलं बाजूने जाईल. घर कोसळलं, तो वाचला, बायको गेली. हा व्हिडिओ मी कुणालाही मजा म्हणून पाठवत नाही.

आणि अनुभव आहे म्हणून जवळ जाता येतं असंही नाही. टोर्नेडोचे संशोधक टिम समारास यांनी २००३ मध्ये साउथ डकोटात टोर्नेडोच्या वाटेत यंत्र ठेवून हवेच्या दाबातली १०० मिलिबारची घट मोजली होती, एवढा जाणकार माणूस, तरी ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रेनोला ते, त्यांचा मुलगा आणि एक सहकारी तिघेही गेले. तो टोर्नेडो सुमारे ४.२ किलोमीटर रुंद झाला, पावसात लपला आणि दिशा बदलली. तेव्हा चेसिंग, म्हणजे टोर्नेडोचा पाठलाग, बघायचं ते घरात बसून.

घरात करायचं ते आजच करून ठेवा. आपली काउंटी (म्हणजे जिल्हा) कुठली आणि नैऋत्येला कुठल्या काउंटी आहेत ते पाठ करा, कारण बरेच टोर्नेडो तिकडून ईशान्येकडे जातात आणि टीव्हीवर काउंटीची नावं घेतात. इशाऱ्यांमध्ये वॉच म्हणजे टोर्नेडो होण्यासारखं हवामान आहे, तयारीत रहा, वॉर्निंग म्हणजे लगेच आत जा. सायरन बाहेरच्या लोकांसाठी असतो, एसी लावून झोपलात तर ऐकू येईलच असं नाही, म्हणून फोनवरचे इमर्जन्सी अलर्ट चालू ठेवा, रात्रीसुद्धा.

बेसमेंट असेल तर तिथे, नाहीतर तळमजल्यावरची मधली, खिडकी नसलेली खोली, म्हणजे बाथरूम किंवा क्लोजेट. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर खालच्या शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा, त्यात लाजायचं काही नाही. पायात बूट, डोक्यावर सायकलचं हेल्मेट, अंगावर गादी किंवा जाड ब्लँकेट. खिडक्या उघडून प्रेशर कमी होतं ही अफवा आहे, त्या नादात वेळ जातो. मोबाइल होम, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेलं हलकं घर, असेल तर वॉचच्या वेळीच पक्क्या इमारतीत जा.

आईबाबांना मात्र नीट बसवून सांगा, कारण त्यांच्या डोक्यात कोकणातलं वादळ असतं. २०२० ला निसर्ग चक्रीवादळ येणार हे आधीच्या दिवशी सगळ्यांना माहीत होतं, इथे हातात कधीकधी काही मिनिटंच असतात, आणि तुम्ही ऑफिसात असाल तर त्यांनी तुमच्या फोनची वाट बघायची नाही. कुठल्या खोलीत जायचं ते एकदा दोघांना चालत नेऊन दाखवा.

गाडीत अडकलात आणि जवळ इमारत नसेल तर सीटबेल्ट लावून डोकं खिडकीच्या खाली, हातांनी झाकून, किंवा रस्त्यापेक्षा खोल खड्डा जवळ असेल तर गाडी सोडून त्यात पालथं झोपायचं.

सगळं शांत झाल्यावर गॅसचा वास येतोय का बघा, लोंबणाऱ्या तारांपासून लांब रहा, घरच्यांना कॉलऐवजी मेसेज टाका. आणि सेफ जागेवरून काही शूट झालं असेल तर वेळ, जागा आणि कुठल्या दिशेला बघत होतात ते लिहून नॅशनल वेदर सर्व्हिसच्या तुमच्या भागातल्या ऑफिसला पाठवा, त्यांना नुकसानीचा सर्व्हे करताना ते कामाला येतं.