गोंगाटातलं फारसी: चाचणीआधी काय काय बघून ठेवायचं

शांत खोलीत सगळं ऐकू येतं, पण जेवणाच्या टेबलावर चार जण बोलायला लागले की काही कळत नाही, अशी तक्रार घेऊन फारसीभाषक माणूस आला, तर गोंगाटात बोलणं किती कळतं याची चाचणी लावतात. तिच्यासाठी सगळ्यात आधी रेकॉर्डिंगचं बघा. क्विकसिन या इंग्रजी चाचणीची वाक्यं भाषांतर करून स्वतःच वाचून दाखवायची, हा मोह टाळायचा. भाषांतरात वाक्यांची काठिण्यपातळी विस्कटते आणि वाचणाऱ्याचा आवाज दर वाक्याला बदलतो. त्याच साच्यावर इराणमध्ये तयार झालेली फारसी चाचणी आहे, ती मिळवा. मूळ साचा असा: एका यादीत सहा वाक्यं, प्रत्येकात पाच मोजायचे शब्द, मागे चार माणसांच्या बोलण्याचा कोलाहल. पहिल्या वाक्याला बोलणं कोलाहलापेक्षा २५ डेसिबल वर असतं, मग दर वाक्याला ५ डेसिबलने फरक घटत शून्यावर येतो.

नाव-वय लिहून घेताना गाव आणि घरची भाषा नक्की विचारा. या एका रकान्यावर पुढचा अर्थ बराचसा ठरतो. इराणमधल्या तब्रीझच्या माणसाची घरची भाषा बहुधा अझेरी तुर्की असते, सनंदजच्या माणसाची कुर्दी. अहवाझमध्ये अनेक घरांत अरबी चालते. ही माणसं एरवी अस्खलित फारसी बोलतात, पण नंतर शिकलेली भाषा कोलाहलात आधी निसटते. ते गुण कानाच्या खात्यावर टाकणं अन्याय आहे. फारसी कितव्या वर्षी शिकलात, हेही लिहून घ्या. काबूलहून आलेल्या माणसाचं प्रकरण आणखी वेगळं. तिकडच्या फारसीत, म्हणजे ‘दरी’ भाषेत, सिंह ‘शेर’ आणि दूध ‘शीर’, तर तेहरानी उच्चारात दोन्ही ‘शीर’च. तेहरानी आवाजातली चाचणी त्याला लावलीत, तर अहवालात तसं नमूद करा.

गुण देणारा माणूस फारसी कानाचा हवा. कागद, शहर, बाजार हे शब्द आपल्याकडे फारसीतूनच आले, म्हणून मराठी माणसाला वाटतं की निम्मं तर आपल्याला कळतंय. याच भरवशावर चुकीचे गुण पडतात. हफ्त म्हणजे सात, हश्त म्हणजे आठ. फरक काय तो फ आणि श चा, आणि दोन्ही आवाज कोलाहलात पटकन बुडणारे. पेशंट नेमकं काय बोलला हे ऐकणाऱ्यालाच कळलं नाही, तर चाचणी कोणाची झाली? पुण्यात एखाद्या इराणी विद्यार्थ्याला तपासायचं असेल, तर फारसी मातृभाषेचं माणूस आधी ठरवून ठेवा. पण नातेवाईक नको, तो नकळत सांभाळून घेतो. वाक्यात ‘नान’ होतं आणि उत्तर बोलीतलं ‘नून’ आलं, तर बरोबर धरायचं की नाही, हे दोघांनी बसून आधीच ठरवा. माझं मत, धरावं, शब्द पोचलाय.

मग कान. पडदा बघा, मळ असेल तर काढून घ्या, टिम्पॅनोमेट्री (पडदा आणि मधल्या कानाची तपासणी) आणि नेहमीचा ऑडिओग्राम (किती हळू आवाज ऐकू येतो याचा आलेख) करा. ऑडिओग्रामवरची सरासरी ४५ डेसिबलपर्यंत असेल तर वाक्यं ७० डेसिबलला लावतात. त्याहून जास्त असेल तर ‘मोठा, पण चालेल’ असं पेशंट म्हणेल त्या पातळीला.

यंत्राचं थोडक्यात. सोबतच्या १००० हर्ट्झच्या टोनवर मीटरचा काटा शून्यावर आणा. लॅपटॉपवरून वाजवत असाल, तर आवाज ‘सुधारणाऱ्या’ सगळ्या सेटिंग्ज बंद करा. त्या कोलाहलाशीच खेळतात. ब्लूटूथ नकोच.

सूचना छापील फारसीत द्या आणि तोंडीही सांगून घ्या: अर्धा शब्द कळला तरी बोला, अंदाज चालेल. हे ठासून सांगितलं नाही, तर संकोची माणूस गप्प बसतो आणि त्याचे हक्काचे गुण जातात. एक यादी सरावाची, ती मोजायची नाही. नंतर दोन याद्या लावून सरासरी घ्या. गणित सोपं आहे: ३० पैकी बरोबर आलेले शब्द २५.५ मधून वजा करायचे. २१ आले तर ४.५ डेसिबल, ही कोलाहलात ऐकण्यातली तूट. इंग्रजी तक्त्यात हे ३ ते ७ मध्ये, म्हणजे सौम्य. पण तो तक्ता डोळे झाकून लावू नका, फारसी चाचणीसोबतची प्रमाणं टेबलावर ठेवा. आणि लावलेल्या यादीचा क्रमांक केसपेपरवर लिहायला विसरू नका, सहा महिन्यांनी श्रवणयंत्र लावून तोच माणूस परत आला की तीच वाक्यं त्याला पाठ असायची.