घुबड हातावर घेऊन वाचनालयात जाताना

शिकारी पक्षी हातावर घेऊन लोकांना दाखवायच्या कार्यक्रमाची तारीख पक्की झाली की नवे स्वयंसेवक आधी भाषण लिहायला बसतात. ते सगळ्यात शेवटी. आधी ठरवा, पक्षी नेता आला नाही तर काय करायचं. अमेरिकेत आमच्या मिनेसोटात जानेवारीत हाडं गोठवणारी थंडी असते आणि जुलैत चांगलाच उकाडा. शिवाय पिसं गळायचा हंगाम, नाहीतर सकाळी वजन करताना काटा नेहमीपेक्षा कमी दाखवतो. यातलं काहीही झालं तर पक्षी घरीच. म्हणून कवटी, पंख, पंजा यांचे नमुने आणि आवाजांचं रेकॉर्डिंग अशी एक पेटी कायम भरलेली ठेवा, आणि बोलावणाऱ्यांना फोनवरच सांगा की पक्षी येईलच असं नाही. हे ऐकून नाराज होणारे यजमान मला थोडे संशयास्पदच वाटतात.

मग कागद. अमेरिकेत असे कार्यक्रम गावोगावी होतात, पण शिकारी पक्षी ठेवायला केंद्र सरकारचा परवाना लागतो. त्याची प्रत गाडीत असू द्या. हातावर बसणारे हे पक्षी बहुतेक अपघातातून आलेले असतात. कुणाचा पंख गाडीच्या धडकेत मोडलेला, कुणाचा एक डोळा गेलेला. रानात सोडले तर त्यांना शिकार जमणार नाही. (इथलं पाहून पुण्या-नाशकात कुणी घार-घुबड पाळून शाळांत फिरवायच्या बेतात असेल तर तो बेत आजच सोडावा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते चालत नाही, आणि न चालणंच बरं.)

आदल्या दिवशी सामान तपासा. हातमोजा, दोरीला पीळ पडू नये म्हणून लावायची फिरकी, दोरी, आणि पक्ष्याच्या पायातले चामडी पट्टे. पट्टा नुसता बघून भागत नाही. बोटांत धरून ताणायचा, वाकवायचा. चीर असली तर ती वाकवल्यावरच दिसते. सुटा पट्टा, जास्तीची दोरी आणि जुनी वर्तमानपत्रं पिशवीत टाका. दोरीची गाठ एका हाताने मारता यायला हवी, कारण दुसऱ्या हातावर पक्षी असतो. पोटभर खाऊ घालून लगेच प्रवासाला काढू नका. हॉक या दिवसा शिकार करणाऱ्या पक्ष्याच्या गळ्याखाली अन्नपिशवी असते, ती भरलेली असताना गाडीत हिसके बसले तर सगळं बाहेर येतं. घुबडाला ती पिशवी नसते, पण म्हणून त्याला सूट नाही. खोका अंधारा, हवेशीर, तळाला खरखरीत गालिचा. गाडीत गाणी बंद. चहासाठी थांबायचं तर एकाने गाडीत बसून राहायचं. उन्हात बंद गाडी किती लवकर तापते हे सांगायला नको.

खोली स्वतः जाऊन बघा, फोटोवर विसंबू नका. छताचा पंखा बंद करायला लावा आणि बटणावर चिठ्ठी चिकटवा. दारं लोटलेली, कुत्री बाहेर, फ्लॅश बंद. तुमच्या पाठीशी भिंत हवी, माणसं फक्त समोर. यामागे पक्ष्याची भीती हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे शीट. घुबड आणि ससाणा साधारण खाली टाकतात, पण लाल शेपटीचा हॉक मागच्या बाजूला लांब पिचकारी मारतो. त्याआधी तो पुढे वाकतो, शेपूट उचलतो, शेपटीखालची पिसं फुलवतो. तेवढ्या क्षणात हात वळवून त्याची पाठ भिंतीकडे करायची. पहिल्या रांगेतल्या पैठणीचं भवितव्य त्यावर अवलंबून आहे.

मोठ्या शिंगवाल्या घुबडाची (ग्रेट हॉर्न्ड आउल) मादी दीड किलोच्या आसपास भरते. अर्धा तास ती हातावर असेल तर खांदा भरून येतो, म्हणून कोपर बरगडीला टेकवा. ती कधी फडफडून हातावरून उलटी लटकेल. हे होऊ शकतं असं लोकांना सुरुवातीलाच सांगून ठेवा, म्हणजे कुणी किंचाळणार नाही. मोकळा हात पाठीखाली देऊन तिला अलगद वर घ्या. एक पाय पोटाशी घेतला, अंग फुलवून झटकलं, की समजा ती निवांत आहे. चोच उघडी ठेवून धापा टाकू लागली, पिसं अंगाशी घट्ट आवळली, तर वाक्य अर्धवट सोडून तिला खोक्यात ठेवा.

आता भाषण. इथल्या मराठी शाळेत मुलांबरोबर आजी-आजोबाही येतात, तेव्हा अपशकुनाचा प्रश्न येणारच. वाद घालू नका. लक्ष्मीचं वाहन अपशकुनी कसं, एवढं हसत विचारा आणि उंदरांकडे वळा. मुलांना हॉकची किंकाळी ऐकवा: सिनेमात टकला गरुड ओरडतो तो बहुतेक वेळा हाच आवाज, गरुडाचा खरा आवाज अगदीच किरटा. मोठ्यांसाठी विषाची गोष्ट राखून ठेवा. डीडीटी या कीटकनाशकाने अंड्यांची कवचं पातळ झाली, अमेरिकेने १९७२ मध्ये त्यावर बंदी आणली आणि २००७ मध्ये टकला गरुड धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर आला. तिकडे आपल्या गिधाडांना गुरांच्या डायक्लोफेनॅकने मारलं. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते औषध पोटात गेलं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. जनावरांसाठी त्यावर भारतात २००६ मध्ये बंदी आली. जटायू माहीत असलेल्या श्रोत्यांना इथे वेगळं काही समजवावं लागत नाही.

‘हात लावू का?’ याचं उत्तर पाठ करून जा: नाही. कारण सांगा, पण सवलत देऊ नका, यजमानांच्या नातवालाही नाही. निघताना जमिनीवरची गळालेली पिसं मोजून उचला. १९१८च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यामुळे इथे असं एक पीसही कुणाला घरी ठेवता येत नाही, आणि मुलांचा डोळा नेमका त्याच्यावर असतो. घुबड न पचलेली हाडं आणि केस गोळी करून ओकून टाकतं. पिसांऐवजी तापवून निर्जंतुक केलेल्या त्या ओकारीच्या गोळ्या न्या आणि चिमटे वाटा. आतून उंदराचा जबडा निघाला की पिसाची आठवणही राहत नाही. घरी पोचल्यावर पक्ष्याचं वजन, मग त्याचं खाणं, मग तुमचं.