पीयू फोम ओतताय? आधी या चुका टाळा

परवा परत एकाने फोटो पाठवला. साच्यात तळाला दोन बोटं चिकट राडा, वर फाटलेल्या घावनासारखं काहीतरी आणि खाली प्रश्न, "दादा, माल खराब निघाला का?" अरे बाबा, माल क्वचितच खराब असतो. मी नाटकांची प्रॉपर्टी आणि मॅस्कॉटची डोकी बनवतो, त्यामुळे मऊ पीयू (पॉलियुरेथेन) फोम, म्हणजे ए आणि बी असे दोन डबे मिसळून साच्यात ओतला की फुगतो तो, हा माझा रोजचा आहे. आणि लोकांच्या चुकाही रोजच्या त्याच.

पहिली आणि माझी सगळ्यात नावडती, नंबर न समजता डबा मागवणे. सोफेवाला ३२ डेन्सिटी, ४० डेन्सिटी म्हणतो तेव्हा ते एका घनमीटरला इतके किलो असं असतं. ओतायच्या फोमच्या डब्यावर ३, ५, १०, २५ असे आकडे दिसतात ते बऱ्याच ब्रँडमध्ये एका घनफुटाला पौंड असतात. ढोबळ १६ ने गुणा. ३ नंबर झाला ४८, १० नंबर १६०, आणि २५ नंबर थेट ४००, तो कसला फोम, चपलेचा सोलच तो.

आमच्याकडे शिकायला आलेल्या एका पोराला हे माहीत नव्हतं आणि मी गावाला गेलो होतो. बालनाट्यासाठी भीमाची गदा करायची होती, साधारण नऊ इंचाचा गोळा. पठ्ठ्याने सोफेवाल्याचं गणित लावलं, ४० कडक तर १० म्हणजे एकदम लुसलुशीत, आणि मागवला १० नंबर. गोळा सहा लिटरचा, सहा गुणिले १६०, झाले ९६० ग्रॅम, वर आतला पाइप आणि रंग. रंगीत तालमीला आमच्या नऊ वर्षांच्या भीमाने ती कशीबशी उचलली, फिरवली, आणि तोल जाऊन दुःशासनाच्या कानाखाली बसली. रक्तबिक्त काही नाही पण पोरगं भोकाड पसरून रडलं आणि त्याच्या आईने जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. तीच गदा ५ नंबरात ४८० ग्रॅमची झाली असती. ३ नंबरात तर ३०० च्या आतच, पण तो इतका मऊ की दोन प्रयोगांत कडा फाटतात, तो मुखवट्याच्या आत भरायला किंवा बाहुलीच्या पोटाला चांगला. हातात धरून मारामारी करायची असेल तर माझं मत ५ किंवा ६, आणि ज्याच्यावर माणूस बसणार किंवा उडी मारणार तिथे ८-१०.

अजून एक, डेन्सिटी म्हणजे कडकपणा नाही. एकाच सिरीजमध्ये नंबर वाढला की कडक होत जातो हे खरं, पण दोन वेगळ्या कंपन्यांचे सारख्या डेन्सिटीचे तुकडे दाबून बघा, एक दबेल, दुसरा ढिम्म हलणार नाही. म्हणून नवा डबा आला की मी आधी कागदी ग्लासात ५० ग्रॅम ओतून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी दाबून बघतो. पन्नास ग्रॅम वाया जातात म्हणून जीव कासावीस होणाऱ्यांनी आधी साचा वाया घालवून बघावा.

किती ओतायचं हा प्रश्न तर रोजचा. साचा किती लिटरचा, गुणिले किलोतली डेन्सिटी, उत्तर ग्रॅममध्ये. वर दहा टक्के जास्त. डब्यावरचा आकडा मोकळ्यावर फुगलेल्या फोमचा असतो हे लक्षात ठेवा, बंद साच्यात ठासून भरलात तर तोच माल जड आणि कडक होतो.

आता दुसरी चूक, आणि ही मी स्वतः केलीय. पाणी. माझ्याकडच्या ए डब्यात आयसो, म्हणजे आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, ते पाण्याला भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि फोम फुगतो तो त्याच्यावरच. त्यासाठी लागणारं पाणी बी डब्यात मोजून घातलेलंच असतं, आपण आणखी द्यायचं नसतं. एका जुलैत हत्तीच्या तोंडाचा प्लास्टरचा साचा होता, किती लिटरचा ते कळावं म्हणून मी शहाण्याने त्यात पाणी भरून मोजलं, फडक्याने पुसलं, अर्धा तास पंख्याखाली ठेवला आणि ओतला. वरून सुका, पण प्लास्टर पोटभर पाणी प्यायलेलं होतं. सकाळी उघडलं तर हत्तीच्या सोंडेला अनारशासारखी जाळी आणि कातडीचे पापुद्रे हातात. डिलिव्हरी संध्याकाळी होती. दुसरा साचा नव्हता, दिवसभर हेअर ड्रायर घेऊन तोच वाळवत बसलो आणि परत ओतला, कसाबसा निभावला.

तेव्हापासून साचा मोजतो तो साबुदाण्याने. प्लास्टरचा साचा पावसाळ्यात खोक्यात बल्ब लावून वाळवतो आणि रोज काट्यावर ठेवतो, वजन उतरायचं थांबलं की सुकला, हाताला सुका लागतो वगैरेवर माझा विश्वास नाही. मग चपड्याचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, दोन हात, त्यावर मेण. ढवळायला लाकडी काडी नको, तीही ओल धरते, स्टीलची पट्टी घ्या. रंग पाण्यातले अजिबात नको. आणि तो "बी मध्ये चमचाभर पाणी टाका, फोम हलका आणि स्वस्त होतो" वाला जुगाड ज्याने पसरवला त्याला माझा कोपरापासून नमस्कार. आयसोचा हिशोब बिघडतो, मग फोम फुगून खाली बसतो नाहीतर चुरचुरीत होतो, आणि मेसेज मला येतो.

बाकीच्या पटापट. बी डबा दर वेळी तळापासून ढवळा, आतला माल वेगळा होऊन बसतो, त्या पहिल्या फोटोतला चिकट राडा बहुतेक त्याचाच. प्रमाण वजनाने असेल तर काट्यावर मोजा, ग्लासात नजरेने नाही. मिसळायला बहुतेक अर्धा-पाऊण मिनिटच मिळतं, त्यामुळे फोन दुसऱ्याच्या हातात द्या, ओतताना रील काढायची नाही, आणि मिश्रण फुगायला लागल्यावर ओतलंत तर ते बसणारच. साच्याला वरच्या टोकाला हवेची भोकं ठेवा. थंडीत डबे गारठलेले असतील तर फोम कमी फुगतो, आधी खोलीत ठेवा. हातमोजे घाला, खिडकी उघडा, आयसोची ॲलर्जी एकदा बसली की सुटत नाही. फोम गरम तारेने कापू नका, विषारी धूर होतो, करवतीच्या पात्याने कापा.

आणि साचा लवकर उघडू नका. डब्यावर दोन तास लिहिलंय तर दोन तास, पावणेदोन नाही. हलक्या नंबरचा तुकडा बाहेर काढल्यावर मी कणीक तिंबावी तसा सगळीकडून दाबून घेतो, आतल्या बंद पेशी फुटतात, नाहीतर गार झाल्यावर तो सुकल्या लिंबासारखा आक्रसतो. उरलेल्या ए डब्याचं तोंड पुसून झाकण गच्च लावा, मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे एक डबा अर्धवट बंद राहिला, आता तो दाराला अडसर म्हणून वापरतोय.